पाच वाजता कामावर आलेल्यांची मजुरी

रविवार, रात्री

आज चर्चमधल्या भक्तीनंतर टीनेजर पोरापोरींचा ग्रुप घेतला आणि डोक्यात अजून तेच चालू आहे, म्हणून झोपायच्या आधी लिहून टाकते. इकडे चोपड्याकडे सध्या कापूस वेचणीचा सीझन, निम्म्या घरातल्या बाया रविवारी पण शेतात, त्यामुळे मंडळीत मोठी माणसं कमी आणि पोरंच जास्त. पाळकसाहेब म्हणाले होते की ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आहे, रिफॉर्मेशन संडे, म्हणजे चर्चमधल्या सुधारणेची आठवण करायचा रविवार, तर ती सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरवर काहीतरी सांग पोरांना. सांगितलं. ३१ ऑक्टोबर १५१७, जर्मनीतलं विटेनबर्ग, ९५ मुद्दे, पैसे भरले की पापाची शिक्षा माफ अशी पत्रं विकली जात होती त्याच्या विरोधात वगैरे, पण पोरांचे चेहरे इतिहासाच्या तासाला असतात तसे झाले म्हणून पटकन उरकलं आणि बायबलमधला मत्तयाचा २०वा अध्याय काढायला लावला. द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा. तिथून पुढे मला फार बोलावंच लागलं नाही, तीच भांडत होती.

गोष्ट सगळ्यांना पाठ असते पण कोणी नीट ऐकलेली नसते. मालक पहाटे मजूर बघायला जातो, दिवसाचा एक दिनार ठरवतो, तेव्हाची मजुराची दिवसभराची मजुरी तेवढीच असायची. मग परत नऊला जातो, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला, म्हणजे सुट्टीला तासभर राहिलेला असताना. आणि संध्याकाळी पैसे वाटताना त्या पाचवाल्यांच्या हातात अख्खा दिनार! सकाळपासून उन्हात राबलेल्यांना पण तेवढाच.

"ताई, हे चीटिंग आहे." दहावीची पोरगी, शाळेत कायम पहिली, अंधारात उठून क्लासला जाणारी. तिला खरंच राग आला होता, नुसतं बोलायचं म्हणून नाही. मग दुसरा एक म्हणतो की आमच्याकडे हे चालणारच नाही, निंदणीला दिवसाचा रोज असतो पण वेचणी किलोवर असते, जेवढं वजन तेवढे पैसे. हा पोरगा सुट्टीच्या दिवशी आईबरोबर वेचणीला जातो, बायबलची पानं उलटताना त्याची बोटं दिसत होती, बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडेला सोलून निघालेली. त्याला काटा आणि वजन मी काय शिकवणार.

तेवढ्यात मागून एक जण, जो एरवी तोंड उघडत नाही, तो अहिराणीत म्हणाला, "ठरेल मजुरी दिन्ही ना त्यानी, मंग तुन्हं काय जास?" सगळे हसले. पण खरं सांगू का, मालकाचं उत्तर अगदी हेच आहे. गड्या, मी तुझ्यावर अन्याय केला नाही, तू एका दिनारवर कबूल झाला होतास ना, मग मी उदार झालो तर तुझ्या डोळ्यात का सलतं. अहिराणीत जरा जास्त झोंबतं इतकंच.

मग मी त्यांना एक गोष्ट दाखवली जी मला स्वतःला फार आवडते. मालक मुद्दाम शेवटच्यांना आधी पैसे देतो. सकाळवाल्यांना आधी दिले असते तर ते दिनार घेऊन खुशीत घरी गेले असते, कटकट झालीच नसती. त्यांना ते बघायला लावलं. आणि हा दाखला येशू सांगतो कोणाला, तर शिष्यांना, त्याच्या आधीच्याच अध्यायात पेत्र विचारून बसलाय की आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार. पेत्र पण टॉपरच!

आपली पोरं मोठीच होतात हिशोबात. दहावीचे टक्के, बारावी, नीटचा स्कोअर, कॉलनीत कोणाचा किती आला, घरात प्रेम असतं पण निकालाच्या दिवशी त्याचा आवाज बदलतो हे पोरांना बरोबर कळतं. मग देवाचं प्रेम सांगायला गेलं की त्यांना वाटतं इथे पण काहीतरी कटऑफ असणार, बायबल किती वाचलं, प्रार्थना किती केली, मोबाईलवर काय बघितलं. आणि आम्ही मोठे लोक पण, खोटं कशाला बोलू, तसंच सांगतो, देवाला आवडणार नाही हां म्हणून धाक घालतो. प्रेषित पौल तर बायबलमधल्या रोमकरांस पत्रात सरळ लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. सुधारल्यावर नाही, आधीच. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या चोराचं बघा, लूक २३, ना बाप्तिस्मा, ना दशमांश (कमाईचा दहावा भाग देवाला), ना एक दिवस संडे स्कूलला गेलेला, नुसतं म्हणाला माझी आठवण ठेव, आणि येशू म्हणतो आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.

पहिल्या नंबरवालीनं मग विचारलं, "पण मग पाचवाल्यांचे बाकीचे पैसे कुठून आले?" किती भारी प्रश्न! मालकाच्या खिशातून आले. सकाळवाल्यांचे कापून नाही दिले. कृपा आपल्याला फुकट आहे पण कोणाच्या तरी खिशातून गेलीच आहे, क्रूस म्हणजे तेच ना. ती गप्प बसली पण पटलेलं दिसलं नाही, असू दे, एका रविवारी पटायलाच पाहिजे असं कुठे आहे.

कोणीतरी मध्येच विचारलं की कॅथलिक लोक कृपा मानत नाहीत ना. हे कुठून ऐकतात देव जाणे. त्यांना सांगितलं की ३१ ऑक्टोबर १९९९ला जर्मनीतच, आउग्सबुर्गला, ल्यूथरन (ल्यूथरच्या मार्गानं जाणारे) आणि कॅथलिक दोघांनी एकत्र सही केली आहे की देव आपल्याला स्वीकारतो ते ख्रिस्तावरच्या विश्वासातून, त्याच्या कृपेनं, आपल्या कमाईमुळे नाही. शेजारच्या चर्चवर उगाच तोंड टाकू नका म्हटलं.

आणि निघताना, भरीत-पुरीची ताटं हातात घेऊन, वेचणीवाला पोरगा येतो आणि हळूच म्हणतो, "ताई, मग काही पण करा आणि पाच वाजता सॉरी म्हणा, असंच झालं ना?" पाचवाले दिवसभर टवाळक्या करत नव्हते रे, मी म्हटलं, वाच परत, आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही असं म्हणतात ते. आणि पाचला बोलावलं तेव्हा कामाला गेले, घरी नाही गेले. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला की पण पाच वाजतील हे कोणाला माहीत असतं. हाच प्रश्न पौलानं स्वतःच काढून ठेवलाय, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, आणि स्वतःच म्हणतो कधीच नाही. पुढच्या रविवारी रोमकरांस ६ घ्यायचं ठरलंय, पहिल्या नंबरवाली आधीच म्हणते मी मुद्दे काढून आणते.