कोलारच्या बंद खाणी नकाशावर आणताना

गडांवरची पाण्याची टाकी मोजायची सवय मला कॉलेजपासूनची. टेपने लांबी-रुंदी घ्यायची, होकायंत्राने दिशा बघायची आणि घरी आल्या आल्या वहीतलं कच्चं आरेखन पक्कं करायचं. पुढे कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी वर काढलेली तोंडं, असेच नोंदवले. जमिनीखाली काहीतरी मोठं आहे आणि वर फक्त त्याची तोंडं दिसतात, हे मला तेव्हापासून खुणावत आलंय. कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सला, म्हणजे केजीएफच्या सोन्याच्या खाणींकडे, जायचं डोक्यात आलं ते त्यातूनच.

जॉन टेलर अँड सन्सने १८८० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि २८ फेब्रुवारी २००१ ला खाणी बंद झाल्या. या एकशेवीस वर्षांत सुमारे ८०० टन सोनं निघालं. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. सोन्याचा हिशेब कागदावर आहे. खाण चालवणाऱ्यांकडे जे आहे ते मात्र त्यांच्या डोक्यातच आहे, आणि ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. माझी घाई त्यासाठी होती.

परवानगीत पाच महिने गेले. एका कार्यालयातून अर्ज तीनदा परत आला, दर वेळी वेगळं कारण. चौथ्या वेळी मी पहिल्याच ओळीत लिहिलं, 'खाणीत उतरणार नाही.' मग काम झालं, तेही जमिनीवरच्या भागापुरतं आणि सोबत माणूस घेऊन. हे वाक्य मी नुसतं परवानगीसाठी लिहिलं नव्हतं, मला ते मनापासून पटतं. पंप बंद झाले तसं खाली पाणी भरत गेलं. जुन्या बोगद्यात हवा असते, पण तिच्यात प्राणवायू असेलच असं नाही, आणि तो संपल्याचं कळेपर्यंत माणूस खाली बसलेला असतो. कुणी कितीही दोर आणि विजेऱ्या घेऊन येऊ दे, बंद खाणीत हौस म्हणून उतरू नये.

पहिल्या खेपेला उद्यान एक्सप्रेसने बंगळुरू, तिथून पुढच्या गाडीने मारिकुप्पम. चार दिवसांत सहाशे फोटो काढले. पुण्यात परतून लॅपटॉप उघडला तर बारा लोखंडी मनोरे सारखेच दिसत होते. कुठला कुठल्या शाफ्टचा, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीचा, एकाचाही पत्ता लागेना. फोनमधलं लोकेशन बंद राहिलं होतं आणि वहीत मी नुसतं 'गंजलेला मनोरा, बाभळी' असं लिहिलं होतं. ती खेप जवळजवळ वाया गेली.

दुसऱ्यांदा जाण्याआधी अप्पा बळवंत चौकातून जाड पुठ्ठ्याच्या वह्या आणल्या आणि प्रत्येक पानावर तोच तक्ता आखला: क्रमांक, अक्षांश-रेखांश, फोटोची दिशा, काय उभं आहे, काय पडलंय, कुणी सांगितलं. प्रत्येक वास्तूचे तीन फोटो घ्यायचे, लांबून, मधून आणि अगदी जवळून, आणि जवळच्या फोटोत मोजपट्टी हवीच. सायनाइड वापरून सोनं काढल्यावर उरलेल्या गाळाच्या राखाडी टेकड्या गावाला लागूनच आहेत, वारा सुटला की त्यांची धूळ घरांवर येते. म्हणून मास्क, आणि काम सकाळी अकराच्या आत.

यातला 'कुणी सांगितलं' हा शेवटचा रकाना भरताना मला एक आजोबा भेटले. तीस वर्षं खाली काम केलेले. ते तमिळ बोलायचे आणि त्यांची नात मला हिंदीत सांगायची. मी फोटो दाखवत होते, तर त्यांनी माझ्या हातातला खडू मागितला आणि ओसरीवर आडव्या रेघा ओढायला लागले. प्रत्येक रेघ म्हणजे एक लेव्हल, खाणीतला एक मजला. पिंजरा, म्हणजे माणसांना खाली नेणारा पाळणा, कुठपर्यंत यायचा, तिथून दुसरा पिंजरा कुठे पकडायचा, कुठल्या लेव्हलला खडक हाताला चटका लावायचा. त्या खोलीवर खडकाचं तापमान ६० अंशांच्या पुढे जायचं हे मी वाचलं होतं. आजोबांनी तळहात ओसरीच्या फरशीवर टेकवला आणि झटकन उचलला. एका रेघेवर त्यांनी फुली मारली आणि बराच वेळ बोलले नाहीत. नात म्हणाली, तिथे रॉक बर्स्ट झाला होता. दाबाखालचा खडक एकाएकी फुटतो, त्याला तोच शब्द. बोलताना त्यांना दर दोन वाक्यांनी खोकला येत होता. दगडाच्या धुळीने फुफ्फुसं जातात, त्यातला.

ओसरीचा फोटो वरून घेतला, मोजपट्टी ठेवून. माझ्या सगळ्या कामात तो एक फोटो मला सर्वांत मोलाचा वाटतो.

निघताना मी त्यांना विचारलं, "अय्या, शास्त्रज्ञ यायचे ते आठवतात?" १९६५ मध्ये याच खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांबरोबर वातावरणातले न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, टिपले होते. आजोबा म्हणाले, आपल्या वडिलांनी त्या शास्त्रज्ञांची यंत्रं पिंजऱ्यातून खाली नेली होती, पण कशाची ते कुणी सांगितलं नव्हतं. मी नातीकरवी जमेल तसं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "आणि सापडलं?" सापडलं, म्हटलं.

पुण्यात परतल्यावर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर ठिकाणं चढवायला दीड महिना लागला. ४७ ठिकाणांपैकी ९ ठिकाणांची नावं अजून कळलेली नाहीत. रविवारी संध्याकाळी मी नातीच्या फोनवर एकेक फोटो पाठवते, आणि ती आजोबांना दाखवते. गेल्या रविवारी क्रमांक ३१ ला नाव मिळालं. २२ चा फोटो त्यांनी परत मागवला आहे, मागची भिंत दिसेल असा.