आठवीतल्या पोरी आणि पाचची एसटी

मुली खेळ का सोडतात, यावर भाषणं पुष्कळ ऐकली. मानसिकता, समाज, संस्कार वगैरे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत पीटी शिकवते, मुलींची हॉकी बघते. मला विचाराल तर निम्मं उत्तर एसटीच्या वेळापत्रकात आहे.

शाळा सुटली की मैदान आधी मुलांचं. त्यांचं झालं की मुलींची पाळी, आणि तोवर गावाकडची गाडी गेलेली असते. मुलींना पास मोफत आहे, पण पास बघून गाडी थांबत नाही. मुलगा कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून घरी पोचतो. मुलीला ते चालत नाही. मग पोरगी आठवीत गेली की वडील शाळेत हजर. "बाई, खेळली तेवढं बास झालं आता." यावर काय वाद घालणार? फाट्यापासून वस्तीपर्यंत उसातून अंधारात जायचं म्हटल्यावर मीही माझ्या लेकीला पाठवलं नसतं.

म्हणून सराव सकाळी घेतो, परिपाठाच्या आधी. पहिल्या गाडीनं येतात, डबा दोन वेळचा आणतात. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली ती समानता वगैरेसाठी नव्हे, तर सकाळी मैदान मोकळंच असतं म्हणून. मला चालतंय. सकाळच्या सरावापासून आठवीतल्या गळतीला आळा बसलाय.

दुसरं दुखणं गोलकीपरच्या किटचं. शाळेत किट एकच, तेही मोठ्या मुलांच्या मापाचं. आमची गोलकीपर सातवीत, अंगानं काडी. पॅड बांधले की तिचा गुडघा वाकत नाही, किकर, म्हणजे बुटांवर चढवायची जाड आवरणं, पायात गरगर फिरतात. पट्टा सैल असला की पॅड बाहेरच्या बाजूला वळतो आणि समोरून आलेला चेंडू त्याच्या कडेला लागून सरळ गोलात. बघणारे म्हणतात, पोरगी घाबरली. बाजारातल्या चांभारमामांकडून पट्ट्यांना जास्तीची भोकं पाडून आणली, किकरमध्ये जुने मोजे कोंबले. पुढच्याच मॅचला तिनं दोन पेनल्टी कॉर्नर अडवले.

वरच्या पातळीवर तरी काय वेगळं आहे म्हणा. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची हॉकी १९०८ ला आली, बायकांची थेट १९८० ला, मॉस्कोत. आपल्या मुली तिथं चौथ्या आल्या. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये पुण्याच्या एलिझा नेल्सनच्या कप्तानीखाली सुवर्ण जिंकलं. एवढं करून पुन्हा ऑलिंपिक दिसायला २०१६ उजाडलं. हॉकी इंडिया लीग पुरुषांसाठी २०१३ ला सुरू झाली आणि बायकांसाठी २०२५ ला. त्या मोसमात पुरुष विजेत्यांना तीन कोटी, बायकांना दीड. खेळ तोच, चेंडू तोच, मिनिटंही तेवढीच!

आमच्या पोरींना मात्र या सनावळीपेक्षा आसू आणि वाखरी ही नावं जास्त कळतात. फलटण तालुक्यातली ही गावं, एसटीच्या पाटीवर वाचलेली. वाखरीची अक्षता ढेकळे आणि आसूची वैष्णवी फाळके, दोघी शेतकऱ्यांच्या घरातल्या, दोघी भारताकडून खेळल्या. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये ब्राँझ मिळवणाऱ्या संघात वैष्णवी होती. "आसूची पोरगी चीनला जाती, मग आपण बालेवाडीला तरी जाऊ की," असं आमची सेंटर हाफ म्हणते. पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलातल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, चेंडू आमच्या मुरमावरच्यासारखा उड्या मारत नाही, सपाट आणि दुप्पट वेगानं येतो, हे तिला तिथं गेल्यावर कळेलच.

आयासुद्धा बदलल्यात. २०२१ ला टोकियोत गुरजीत कौरच्या गोलवर आपण ऑस्ट्रेलियाला हरवलं, त्यानंतर एका आईचा फोन आला. "बाई, आमची नेमकी कुठल्या जागी खेळती?" तोवर पालकांचे फोन यायचे ते पोरगी घरी कधी येणार, एवढं विचारायला.

यंदाच्या साहित्याच्या मागणीत लहान मापाचं एक किट लिहिलंय. ऑफिसातून निरोप आला, "एक आहे ना शाळेत?" आहे ना. सोमवारी गोलकीपरला ते पूर्ण बांधून ऑफिसात घेऊन जाणार आहे. ऑफिस वरच्या मजल्यावर आहे. जिना कसा चढते ते साहेबांनी स्वतःच बघावं.