चालत होतं ते ब्राउझरमध्ये कशाला नेलं?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो. माझा मँडेलब्रॉट संच (कितीही मोठी करून पाहिली तरी नवी नक्षी दाखवणारी गणिती आकृती) काढणारा प्रोग्राम विंडोजवर झकास चालत होता, तो ब्राउझरमध्ये कशाला नेला, आणि नेल्यावर त्याचा खोल झूम का गेला? जळगाव-भुसावळकडचे जुने मित्र भेटले की हेच विचारतात. 'चांगलं होतं ते बिघडवलं' हे बोलत नाहीत, पण मला ऐकू येतं.

कारण साधं आहे. अमळनेरकडच्या एका शाळेत प्रोग्राम दाखवायला गेलो. लॅबमध्ये काही इन्स्टॉल करायचा पासवर्ड कुणाकडे नव्हता, आणि पेन ड्राइव्हवरची फाइल अँटिव्हायरसने उडवली. शेवटी माझ्याच लॅपटॉपभोवती सगळा वर्ग उभा राहिला. एका मुलानं विचारलं, "सर, मन्हा मोबाइलवर व्हई का?" तोवर मी म्हणत आलो होतो, ज्याला खरंच हवं तो इन्स्टॉल करेल. त्या मुलाला खरंच हवं होतं. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता.

आता खोल झूमचं. जुना प्रोग्राम इंटेल प्रोसेसरच्या ८० बिटी संख्यांवर चालायचा, म्हणजे साधारण १९ अंकांची अचूकता. वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझरमध्ये वेगानं चालणाऱ्या कोडच्या स्वरूपात, दशांश संख्यांचे दोनच प्रकार: ३२ आणि ६४ बिटी. मी सी++चा कोड एमस्क्रिप्टेनमधून (सी++चं वेबअसेम्ब्ली करणाऱ्या साधनातून) काढला, तर एकही एरर नाही. 'लाँग डबल' (त्या ८० बिटी संख्यांसाठी कोडमध्ये वापरलेलं नाव) जिथल्या तिथे. चित्र उमटलं, तेही अचूक, पण इतकं सावकाश की आधी मला लूपमध्येच गडबड वाटली. रात्र रात्र लूप तपासत बसलो. लूपमध्ये काहीच नव्हतं. आतल्या आत 'लाँग डबल' १२८ बिटी झाला होता, आणि प्रोसेसर जो गुणाकार स्वतः करायचा तो आता सॉफ्टवेअर करत होतं. संच काढायचा तर z² + c हे गणित, आलेलं उत्तर पुन्हा z म्हणून घालत, एकेका पिक्सेलसाठी हजारो वेळा करायचं, तिथे हे परवडणार कसं?

मग ६४ बिटी 'डबल' केलं. वेग आला. संचाच्या 'समुद्रघोड्यांची दरी' म्हणतात त्या भागातली माझी एक आवडती जागा जुन्या फाइलमधून उघडली. वर्षानुवर्षं जपलेलं ते सर्पिल, आणि समोर नुसते चौकोन. १६ अंकांच्या पलीकडे शेजारशेजारच्या पिक्सेलांचे आकडे एकच होतात, म्हणून रंगही एकच. पडद्यावर फरशी घातल्यासारखं दिसत होतं. त्या रात्री सगळं गुंडाळून डेस्कटॉपवर परतावं, असं फार वाटलं. वाईट वाटलं, आजही वाटतं.

उपाय आहे. के. आय. मार्टिन यांनी २०१३ मध्ये मांडलेली रीत अशी: एका बिंदूची वाटचाल (z² + cची एकामागून एक येणारी उत्तरं) भरपूर अंकांनी काढायची आणि बाकीच्यांचा तिच्यापासूनचा फरक तेवढा 'डबल'मध्ये. मी ती घातलीय. पण काही ठिकाणी फरकच मूळ वाटेइतका मोठा होतो आणि चित्रावर चुकीच्या रंगाचे डाग पडतात. ते सगळे ओळखणं मला अजून जमलेलं नाही.

म्हणून विंडोजची आवृत्ती हवी असेल त्याला आजही देतो. नवीन रंगपट्ट्या तिच्यात घालू का, असं तुम्ही पुढे विचाराल. कधी वाटतं घालाव्यात. पण तेवढ्या वेळात मोबाइलवरचे डाग कमी होतील, असंही वाटतं, आणि सध्या मी तिकडेच बसतो.