कोंबडा तिसऱ्यांदा आरवायच्या आत

काल रात्री ना होंग-जिनचा 'द वेलिंग' (2016, कोरियन) पाहिला आणि आज दिवसभर डोक्यात तोच. पुढे शेवट फोडलाय, पाहायचा असेल तर इथेच थांबा.

गावातल्या गूढ मृत्यूंचा तपास करणारा पोलीस जोंग-गू, त्याची लेकही झपाटलेली. पांढऱ्या कपड्यांतली एक अनोळखी बाई त्याला बजावते, कोंबडा तीनदा आरवेपर्यंत घरात पाऊल टाकू नकोस. दोनदा आरवतो. तेवढ्यात त्याला तिच्या पायाशी लेकीची केसांची पिन दिसते आणि तो हात सोडवून पळतो. दारावर टांगलेली वेल तिथल्या तिथे सुकते.

माझ्या मते ती बाई गावाची राखणदारच. लेकीसाठी बोलावलेल्या मांत्रिकाच्या गाडीतून मेलेल्यांच्या फोटोंची पेटी पडते, तिथे तो कुणाच्या बाजूचा हे कळतंच. पण मेलेल्यांचे कपडे तिच्या अंगावर कसे? यावरून जेवणाच्या सुट्टीत मित्राशी कडाक्याचा वाद झाला.

गुहेतला प्रसंग तर अंगावर आला. ज्याच्यावर गावाचा संशय असतो तो जपानी म्हातारा तळहातावरच्या खिळ्यांच्या खुणा दाखवत पुनरुत्थान झालेल्या येशूचेच शब्द बोलतो, 'मला चाचपून पाहा'. सिनेमा सुरू होतो तोही लूकच्या शुभवर्तमानातल्या त्याच ओळींनी. श्रद्धेचा पुरावाच सैतानाच्या हातात!

जोंग-गूला मात्र मला दोष देववत नाही. आत पोरगी असताना कुठला बाप तिसऱ्या आरवण्याची वाट बघेल?

त्या कपड्यांचं तुम्ही काय समजलात? सांगा ना.