बोटातला मॅग्नेट: इचलकरंजी मुक्काम आणि कॉइलची सुरुवात

मागच्या नोंदीपर्यंत माझं मॅग्नेट बसवलेलं बोट टाचण्या आणि घड्याळाचे स्क्रू उचलण्यापुरतंच कामाचं होतं. ती हौस फिटली. आता कातडी मऊ पडलीय, बधिरपणा गेलाय आणि एसी करंटच्या फील्डने मॅग्नेट हलतो ती थरथर स्वच्छ लागायला लागलीय. त्यातच लांबलचक सुट्टी काढून अमेरिकेतून घरी इचलकरंजीला आलो, आणि बोटाला इथे तिथल्यापेक्षा जास्त काम मिळालं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: डाव्या हाताच्या अनामिकेत, पेराच्या मधोमध नाही तर कडेला, ३ मिमी व्यासाचा आणि १ मिमी जाडीचा निओडिमियम मॅग्नेट आहे. तिकडे असताना एका अनुभवी पिअर्सिंगवाल्याकडून बसवून घेतला. अनामिका अशासाठी की पकडीत तिच्यावर भार कमी येतो, आणि कडेला अशासाठी की पिशवी उचलताना मॅग्नेट हाड आणि बंद यांच्यात चेपला जाऊ नये. जिममध्ये लोखंडी बार धरणं मी बंद केलंय. दोन बाजूंनी कातडी सतत दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि मॅग्नेट बाहेर यायची तयारी करतो.

निओडिमियम मॅग्नेट म्हणजे निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं मिश्रण. ओलाव्यात ठेवला तर तो गंजून भुगा होतो, म्हणून सगळी भिस्त कोटिंगवर. शरीरात अशा गोष्टी बसवणारे जेसी जॅरल आणि ॲरिझोनातल्या फीनिक्सचे स्टीव्ह हॉवर्थ यांनी हा प्रकार पहिल्यांदा केला तेव्हा मॅग्नेट सिलिकॉनमध्ये बुडवलेले असायचे. क्विन नॉर्टन या पत्रकार बाईंनी २००६ मध्ये ‘वायर्ड’ मासिकात आपल्या बोटाबद्दल लिहिलं, ते वाचून अर्धं जग या नादाला लागलं. त्याच लेखात पुढचंही आहे: कोटिंग फुटलं, बोटाला इन्फेक्शन झालं आणि मॅग्नेटचे आतच तुकडे झाले. जो कोणी मला ‘मी पण बसवू का’ विचारतो त्याला मी लेखाचा हा भाग आधी वाचायला सांगतो. हल्ली टायटॅनियम नायट्राइड किंवा पॅरिलीनचं कोटिंग वापरतात. आणखी एक गोष्ट, साध्या ग्रेडचे हे मॅग्नेट ८० अंशांच्या वर गेले की जोर गमावायला लागतात. म्हणजे १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) ते निर्जंतुक करता येत नाहीत, औषधात बुडवूनच करावे लागतात. कुणी ऑटोक्लेव्ह केलेला देत असेल तर उठून घरी यावं.

आता घर. पहिल्याच संध्याकाळी लाईट गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला. त्याच्या डब्याजवळ बोट नेलं तर थरथर एकदम खरखरीत. लाईट आल्यावर, बॅटरी चार्जिंगला असताना, तीच थरथर गुळगुळीत. आमचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हवाला, म्हणजे गुळगुळीत साइन लाटेऐवजी चौकोनी लाट देणारा. स्क्वेअर वेव्हमध्ये ५० हर्ट्झबरोबर १५०, २५० असे विषम पटीतले हार्मोनिक्स (मूळ लाटेत मिसळलेल्या वरच्या फ्रिक्वेन्सी) असतात, आणि थरथर ओळखणारे, कातडीत खोलवर असलेले पॅसिनियन कण नेमके २०० ते ३०० हर्ट्झला सगळ्यात तिखट. त्यामुळे हा फरक स्कोपवर (लाट दाखवणाऱ्या यंत्रावर) बघण्याआधीच बोटाला लागला. शेजारच्यांच्या नव्या साइन वेव्ह इन्व्हर्टरला दोन्ही वेळा जवळपास सारखंच लागतं, तेही जाऊन बघितलं. (त्यांनी चहा दिला, कारण विचारलं नाही.)

ट्रान्सफॉर्मरचा गुंजारव कानाला १०० हर्ट्झचा ऐकू येतो, पण बोटात ५० लागतात. गाभ्याचं लोखंड चुंबकत्वाने ताणलं जातं ते दिशा कुठलीही असो, म्हणून एका आवर्तनात दोनदा. बोटातला मॅग्नेट मात्र कायमचा, त्याला उत्तर-दक्षिण आहे, म्हणून तो एका आवर्तनात एकदाच इकडे-तिकडे झुलतो. बोटाभोवतीची कॉइल बनवल्यावर (ती पुढे येतेय) टोन जुळवून हे पडताळलं.

मिक्सरजवळ थरथर जोरात, पण भांडं आणि बॉडीही हादरत असतात, त्यामुळे बोट न टेकवता दोन-तीन सेंटिमीटरवर धरलं तरच खरं काय ते कळतं. मोबाइलच्या चार्जरजवळ काहीच नाही. त्यातलं स्विचिंग इतकं वेगात होतं की मॅग्नेट हलूच शकत नाही. जुना, हातात जड लागणारा लोखंडी गाभ्याचा अडॅप्टर मात्र लगेच ओळखू येतो. फ्रिजच्या दाराच्या रबरावरून बोट फिरवलं की खाचाखाचा लागतात, कारण त्यातल्या पट्टीत उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने असतात. इंडक्शन शेगडीपासून मी बोट लांब ठेवतो. वीस हजार हर्ट्झच्या वर थरथर लागायची नाही, पण मॅग्नेट धातूच आहे, तापू शकतो.

स्टीलच्या भांड्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. आईच्या एका वाटीच्या तळाला मधोमध काही ओढ नाही, पण तळ आणि भिंत जिथे वळते त्या गोलाईवर बोट किंचित खेचलं जातं. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील मुळात चुंबकाला धरत नाही. पण पत्रा दाबून वाटी ओढताना जिथे तो सगळ्यात जास्त ताणला जातो तिथे त्याची आतली रचना बदलते आणि तेवढाच भाग चुंबकीय होतो. दुकानात ‘चुंबक चिकटला म्हणजे स्टील नकली’ असं छातीठोकपणे सांगतात, ते सोडून द्या. ४३० चुंबकाला चिकटतं आणि ते अस्सल स्टेनलेसच; २०२ चिकटत नाही आणि ते स्वस्तातलं.

मुख्य प्रयोग मामांच्या दुकानात झाले. मामांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, लूमच्या मोटरींपासून मिक्सरच्या आर्मेचरपर्यंत (मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग) सगळं येतं. बोट दाखवल्यावर मामा म्हणाले, “मग आता टेस्टर नगं म्हण की तुला!”

हे सगळेच म्हणतात, आणि इथेच गडबड आहे. बोटाला करंट लागतो, व्होल्टेज लागत नाही. म्हणून मामांसमोर हीटर लावला, साधारण नऊ अँपिअर ओढणारा. स्विच बंद असताना, म्हणजे फेजच्या तारेत पूर्ण २३० व्होल्ट असून करंट वाहत नसताना, इन्शुलेशनवर बोट ठेवलं: शून्य. टेस्टरचा दिवा मात्र टर्मिनलवर लख्ख. मग स्विच चालू केला आणि फेज-न्यूट्रल एकत्र असलेल्या टू-कोर केबलवर बोट ठेवलं: तरीही शून्य, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचं फील्ड मारून टाकतात. शेवटी दोन तारा वेगळ्या केल्या आणि फक्त फेजच्या तारेवर बोट टेकवलं, तेव्हा कुठे अगदी बारीक थरथर. त्याच तारेचे काही वेढे गुंडाळून मध्ये बोट धरलं तेव्हा छान लागली.

मामांनी क्षणभर बघितलं. “अरं, मग हे टाँग टेस्टरच की रं. एकाच तारेवर घालायचं.”

अगदी तेच, टाँग टेस्टर म्हणजे तारेभोवती चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र. त्यामुळे जे जे कोणी ‘भिंतीतली वायर शोधतो’, ‘लाइव्ह तार ओळखतो’ असं लिहितात त्यांच्यावर माझा विश्वास नाही, आणि असं लिहिणं धोक्याचं आहे. बोट गप्प आहे म्हणजे तार मेलेली आहे असं नसतं. टेस्टर खिशात हवाच. रस्त्यावरच्या डीपीबद्दलही दोन वाचकांनी विचारलं होतं: फुटपाथवरून काही लागत नाही, आणि त्याहून जवळ जायचं नसतं.

ग्राउलरवरही, म्हणजे आर्मेचरमधली शॉर्ट कॉइल शोधायच्या यंत्रावरही, बोट लावून बघितलं. आर्मेचर त्याच्या व्ही खाचेत ठेवायचं, स्विच टाकायचा आणि हॅक्सॉचं पातं एकेका स्लॉटवर लांबीने धरत आर्मेचर फिरवायचं. ज्या स्लॉटमध्ये कॉइल शॉर्ट असेल तिथे पातं तडतडतं. माझी अपेक्षा होती की पात्याचं काम बोट करेल. झालं असं की चार बोटं अंतरावरूनच बोटात गुरगुर सुरू झाली आणि चांगला स्लॉट-वाईट स्लॉट सगळं एकच लागलं. मामांचं पातं जिंकलं. शिवाय इतकं जोरदार फील्ड बोटाला सुखाचं नाही, परत करणार नाही.

जाताना मामांनी ३६ गेजची इनॅमल तार दिली. त्यातून कॉइल केली: बोटात सैल बसेल अशा कागदी नळीवर दोनशेच्या आसपास वेढे, वर वार्निश. मीटरवर आठ ओहमच्या जवळ आली, म्हणजे पीएएम ८४०३ चिपचा छोटा अँप्लिफायर बोर्ड ती सहज चालवतो. मोबाइलवर टोन जनरेटर, तिथून अँप्लिफायर, तिथून कॉइल.

कल्पना माझी नाही. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठात केविन वॉरविक यांच्या गटाने २०१० मध्ये हेच केलं: बोटात मॅग्नेट, बोटाभोवती कॉइल आणि अल्ट्रासॉनिक सेन्सरने मोजलेलं अंतर थरथरीतून बोटाला कळवायचं. मला तिथवरच जायचंय.

आत्तापर्यंतचं निरीक्षण. दोनशे हर्ट्झच्या आसपास बोट सगळ्यात तरतरीत. चारशेच्या पुढे थरथर विरते. ५० आणि ६० एकापाठोपाठ वाजवले तर फरक कळतो, पण नुसतं एक लावून ‘हे भारतातलं की अमेरिकेतलं’ विचारलं तर मला सांगता येत नाही. सलग टोन दिला की बोट थोड्या वेळात त्याला सरावतं आणि थरथर मंद होते, म्हणून अंतर सांगायचं तर तुटक ठोके द्यायला हवेत: जवळ आलं की ठोके भरभर. एसीत बसून हात गार पडले की वरच्या फ्रिक्वेन्सी कमी लागतात, तेव्हा मोजमाप हात ऊबदार असतानाच घ्यायचं.

एमआरआयचं कुणी ना कुणी विचारतंच, आईनेही विचारलं. मॅग्नेट आत असताना एमआरआय नाही. मशीन तो ओढेल, पिळेल. पाकिटात तशी चिठ्ठी ठेवलीय आणि घरच्यांना सांगून ठेवलंय: आधी डॉक्टरांकडून काढून घ्यायचा, मगच एमआरआय.

सध्या अडलंय ते कॉइलच्या तापण्यावर. आवाज पूर्ण ठेवला की काही मिनिटांत नळी गरम होते. जाड तार घेतली तर ओहम कमी होऊन अँप्लिफायरवर ताण येतो, वेढे वाढवले तर बोट वाकत नाही. आतमध्ये फेराइटचा तुकडा टाकून बघायचा विचार होता, पण बोटातला मॅग्नेटच त्याला जाऊन चिकटेल. अर्धी कॉइल नखाच्या बाजूला आणि अर्धी पेराखाली अशी चपटी करून कुणी बघितली असेल तर वेढे आणि गेज कळवा. एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि एक नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा) बोर्ड मागवून ठेवलाय, त्याचा कोड पुढच्या नोंदीत.