चौघांनी मिळून बोलायचं नाही: सिटीच्या समितीवरचा माझा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या आमच्या गावात पार्क्स अँड रिक्रिएशन कमिशनवर, म्हणजे बागा-मैदानांच्या समितीवर, माझी नेमणूक झाली तेव्हा मी ग्रीन कार्डवरच होते. 2020पासून इथे नेमणुकीच्या पदांना नागरिकत्वाची अट नाही. त्यामुळे अर्ज, कौन्सिलसमोर छोटीशी मुलाखत आणि शपथ, एवढ्यावर काम झालं. मानधन नाही. अधिकारही नाहीतच म्हणा, कौन्सिलला शिफारस करायची इतकंच. पण शपथ झाल्याझाल्या सिटी क्लर्कबाईंनी ब्राउन ॲक्टची, म्हणजे सार्वजनिक समित्यांचं कामकाज लोकांसमोर उघडपणेच व्हावं अशा कायद्याची, माहितीपुस्तिका हातात ठेवली.

हा कायदा 1953चा, मोडेस्टोचे आमदार राल्फ ब्राउन यांच्या नावाने ओळखला जाणारा. आदल्या वर्षी ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ने ठिकठिकाणच्या बंद दाराआडच्या बैठकांवर लेखमाला छापली होती, त्यातून तो आला. कौन्सिलने रीतसर नेमलेली समिती नुसती सल्लागार असली तरी त्याच्या कक्षेत येते.

आम्ही सात जण. चौघं म्हणजे बहुमत, आणि बहुमताने मिटिंगबाहेर कामाचा विषय काढायचा नाही. मी एकाला फोन केला, त्याने दुसरीला, तिने आणखी कुणाला, तरी साखळी चौघांपर्यंत पोचली की ती बेकायदा मिटिंगच. पुण्याला मी सोसायटीच्या कमिटीवर होते. तिथे पार्किंगचं काय करायचं ते खाली स्कूटरला टेकूनच ठरायचं, मिटिंगला फक्त चहा आणि सह्या. इथे नेमकं ते टेकून बोलणंच बंद.

सिटीच्या पिकनिकला एका टेबलावर पाच जण बसलो तर चालतं. पण कुणीतरी पिकलबॉलच्या (टेनिससारखा एक खेळ) कोर्टांचा विषय काढला की आमच्या अध्यक्षबाई ताबडतोब बटाट्याच्या सॅलडचं कौतुक सुरू करतात.

सगळ्यात अतिरेकी मला वाटतं ते 2021पासूनचं सोशल मीडियाचं कलम. सहकाऱ्याने गावाच्या फेसबुक पेजवर डॉग पार्कच्या कुंपणाबद्दल काही लिहिलं, तर मी एकटीनेही त्याला उत्तर द्यायचं नाही, ‘लाइक’चा अंगठासुद्धा द्यायचा नाही. त्याच सहकाऱ्याला फोन करून त्याच कुंपणावर तासभर बोलले तर चालतं, कारण सातांत आम्ही दोघंच!

नेहमीच्या मिटिंगचा अजेंडा 72 तास आधी लावावा लागतो आणि त्यावर नसलेल्या विषयावर चर्चा करता येत नाही. एक आजोबा दर वेळी येऊन बागेतल्या स्वच्छतागृहाच्या कुलपाबद्दल तावातावाने बोलतात. त्यांनी नाव सांगावं अशी सक्तीही करता येत नाही. मी फार तर एखादा प्रश्न विचारायचा किंवा विषय स्टाफकडे सोपवायचा. आजोबांना वाटतं, या बाईला काही पडलेलीच नाही.

एक मात्र खरं, आधी काहीच ठरलेलं नसल्यामुळे मत बदलताना दिसतं. पिकलबॉल कोर्टांच्या दिव्यांची वेळ वाढवायची होती. शेजारी राहणाऱ्या एका बाईंनी रात्रीच्या चेंडूच्या टकटकीचं वर्णन केलं आणि वेळ वाढवायच्या बाजूचे दोघं तिथल्या तिथे उलटले. सोसायटीत हे कधी पाहिलं नव्हतं. तोटा असा की नवख्याला बावळट प्रश्नसुद्धा कॅमेऱ्यासमोर विचारावा लागतो. मग पुष्कळ जण गप्पच बसतात.

2023च्या मे महिन्यात भाच्याच्या मुंजीला पुण्याला जायचं होतं आणि त्याच आठवड्यात कुंपणाचा विषय मतदानाला होता. मी व्हिडिओवरून येऊ का, असं क्लर्कबाईंना विचारलं. आजारपण किंवा घरच्या कुणाची शुश्रूषा असेल तर थोडी सवलत होती, पण मुंज त्यात बसेना. राहिला जुना मार्ग. त्यात मी जिथून बोलणार तो पत्ता अजेंड्यावर छापायचा, तिथे अजेंडा चिकटवायचा आणि येईल त्याला आत घ्यायचं. म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटच्या दारावर कॅलिफोर्नियाच्या कुंपणाचा इंग्रजी कागद, आणि इथली संध्याकाळी सातची मिटिंग तिथे सकाळी साडेसातला.

“लाव की,” बाबा फोनवर म्हणाले, “इथे कोण येतंय वाचायला?”

शेजारचे काका आले असते. त्यांना बसायला खुर्ची आणि कुंपणावर बोलायचा हक्क, दोन्ही द्यावं लागलं असतं. आणि बोलायला मिळणाऱ्या तीन मिनिटांत थांबणारे काका ते नव्हेत. मी गैरहजर राहीन असं कळवून टाकलं.