चापड, चुनखडी आणि बोकडाचा मुतखडा

बकरी ईदच्या आधीचे तीन-चार महिने इंदूरच्या आसपास, म्हणजे राऊ, सांवेर, देपालपूर, हातोद या पट्ट्यात, बोकड तयार करण्याची घाई असते. वजन झपाट्यानं वाढावं म्हणून खुराक वाढतो आणि तो बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: गव्हाची चापड (कोंडा) भरपूर, थोडा मका आणि हरभऱ्याची चुरी. चापड स्वस्त असते, सहज मिळते आणि बोकड ती आवडीनं खातात. मग एखाद्या सकाळी सगळ्यात तगडा बोकड पाठ कमानीसारखी करून कुंथत उभा दिसतो. घरचे म्हणतात पोट साफ नाही, एरंडेल पाजा. पोटाचा काही संबंध नसतो. लघवी अडलेली असते.

दोष बहुतेक वेळा बोअरिंगच्या जड पाण्याला दिला जातो. माझ्या मते आधी गव्हाणीत काय पडतंय याचा हिशेब करावा. एक किलो चापडीत फॉस्फरस साधारण ११ ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम सव्वा ग्रॅम. मक्यात फॉस्फरस ३ ग्रॅम, कॅल्शियम नसल्यात जमा. आता ५० किलो चापड, ३० किलो मका, २० किलो चुरी असं १०० किलो आंबोण, म्हणजे खुराकाचं मिश्रण, धरा. त्यात ढोबळमानानं ७०० ग्रॅम फॉस्फरस आणि १३० ग्रॅम कॅल्शियम येतं. शेळीला हवं याच्या बरोबर उलट: कॅल्शियम दोन भाग, फॉस्फरस एक भाग.

रवंथ करणाऱ्या जनावरात जादा फॉस्फरस लाळेवाटे पोटात उतरतो आणि लेंड्यांतून बाहेर जातो. चारा चावायला लागतो तोवर लाळ भरपूर सुटते. दळलेला खुराक वाढला आणि भुसा-पाला कमी झाला की चावणं कमी होतं, लाळ कमी पडते आणि फॉस्फरस लघवीकडे वळतो. तिथे तो मॅग्नेशियम आणि अमोनियमबरोबर बारीक रेतीसारखा जमतो. मादीची मूत्रनळी आखूड आणि रुंद असल्यानं रेती निघून जाते. नराची नळी लांब आणि वळणदार, शिवाय टोकाला दोऱ्यासारखा बारीक शेंडा. रेती अडते ती बहुधा तिथेच, नाहीतर वरच्या वळणात. फार लहानपणी खस्सी (खच्ची) केलेल्या बोकडात नळी पुरती रुंदावतच नाही, म्हणून त्यांना धोका जास्त.

लिंगाजवळच्या केसांवर पांढरे कण चिकटलेले दिसले तर ती आगाऊ सूचना समजा. शेपूट सारखी हलणं, थेंबथेंब लघवी, दात खाणं, खुराक सोडणं ही पुढची पायरी. लघवी पूर्ण बंद झाली असेल तर घरगुती उपाय करू नका. बळेच पाणी पाजणं किंवा लघवी वाढवणारं औषध देणं म्हणजे बंद नळामागे दाब वाढवणं, त्यानं मूत्राशय फुटतं. पशुवैद्य आले की आधी तो शेंडा कापून पाहतात आणि बऱ्याच वेळा तेवढ्यानंच धार सुटते. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहणं परवडत नाही.

इथे एक गैरसमज हमखास असतो: "आम्ही मिनरल मिक्स्चर (खनिजांची पूड) घालतो ना!" वरच्याच १०० किलोत २ किलो मिक्स्चर घाला. साधारण २० टक्के कॅल्शियम आणि १२ टक्के फॉस्फरस असलेलं मिक्स्चर ४०० ग्रॅम कॅल्शियम देतं आणि सोबत आणखी २४० ग्रॅम फॉस्फरसही. बेरीज होते ५३० विरुद्ध ९४०. पारडं अजूनही उलटंच. चापडीचं बिघडलेलं प्रमाण नुसत्या मिक्स्चरनं सुधारत नाही. चापड कमी करावी लागते आणि कॅल्शियम वेगळं घालावं लागतं.

माळव्यात सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, सहज मिळते, तिचा फायदा घ्यावा. १०० किलोसाठी: मका ३५, हरभरा चुरी २५, सोया डीओसी १८, चापड १७, मिनरल मिक्स्चर २, पशुखाद्याच्या दर्जाची चुनखडी पूड २, मीठ १. यात कॅल्शियम सुमारे १,३०० ग्रॅम आणि फॉस्फरस ७४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पावणेदोनास एक. उरलेली कसर बरसीम, रजका (लसूणघास) किंवा सुबाभळीचा पाला भरून काढतो, कारण त्यांत कॅल्शियम भरपूर असतं. मात्र सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे नको, तिच्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यानं केस गळतात. चुनखडीऐवजी पानाचा किंवा भिंतीचा चुना घालू नका, तो तोंड भाजतो. खताचा रॉक फॉस्फेट तर अजिबात नको. त्यातल्या फ्लोरिननं दात आणि हाडं बिघडतात.

तीस किलोच्या बोकडाला हे आंबोण ३०० ते ४०० ग्रॅम, दोन वेळांत विभागून. त्यातून मिक्स्चर ६ ते ८ ग्रॅम जातं. खुराक न मिळणाऱ्या, नुसत्या चाऱ्यावरच्या मोठ्या शेळीला ते १० ग्रॅम वेगळं द्यावं, दुभत्या शेळीला १५, वाढत्या करडाला ५. बोकड तयार करण्याच्या महिन्यांत नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, १०० किलोला अर्धा ते एक किलो घालावा. त्यानं लघवी आम्लधर्मी राहते आणि ती रेती विरघळलेली राहते. चव कडवट असते, म्हणून पाव किलोपासून सुरुवात करून आठवड्याभरात प्रमाण वाढवा. कलईवाल्यांकडची वडी चालणार नाही, शुद्ध पूड घ्या. वर्षभर मात्र देऊ नये, हाडांतलं कॅल्शियम झिजतं. या काळात मीठ २ टक्क्यांवर नेलं तर जनावर पाणी जास्त पितं. अर्थात पाणी स्वच्छ आणि सावलीत ठेवलेलं हवं, मे महिन्यात उन्हात तापलेलं पाणी बोकड तोंडी लावत नाही.

मिसळण्यातही चुका होतात. २ किलो पूड १०० किलो दाण्यावर ओतून फावड्यानं दोनदा फिरवली तर एका जनावराला सगळं मिळतं, दुसऱ्याला काहीच नाही. मिक्स्चर, चुनखडी, मीठ आणि नवसागर आधी ५ किलो चापडीत हातानं एकजीव करा, मग ती चापड बाकीच्या मालात थराथरानं पसरून मिसळा. देताना गूळपाण्याचा हलका शिपका मारा, नाहीतर शेळी वरचे दाणे वेचते आणि पूड तळाशी राहते. शेळीइतकं चोखंदळ जनावर गोठ्यात दुसरं नाही.

चाटणविटांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बहुतेक विटांत मीठच जास्त असतं, आणि गाय जशी चाटत बसते तशी शेळी बसत नाही. वीट टांगायची तर मिठासाठी टांगा, खनिजांचा हिशेब पुडीवर ठेवा.

मिक्स्चरची पिशवी घेताना आयएस १६६४ (खनिज मिश्रणाचं भारतीय मानक) ची खूण बघा.  मिक्स्चर बिनमिठाचं घ्यावं, मीठ आपण स्वस्तात घालू शकतो. मग मागचा तक्ता वाचा. जस्त ०.८ टक्के असेल तर १० ग्रॅममधून ८० मिलिग्रॅम मिळतं. ३० किलोची शेळी रोज सुमारे सव्वा किलो कोरडा चारा-खुराक खाते आणि तिची गरज साधारण ५० मिलिग्रॅमची. म्हणजे पुरून उरतं. जिच्या तक्त्यात जस्त-तांब्याचे आकडेच नाहीत आणि नुसतं "शक्तिवर्धक" लिहिलंय, ती पिशवी दुकानातच राहू द्या.

जस्ताचं महत्त्व आपल्याकडे विशेष आहे. माळव्याच्या काळ्या, अल्कधर्मी जमिनीत जस्त अडकून राहतं आणि पिकांना कमी मिळतं, तेव्हा चाऱ्यातही ते कमीच उतरतं. नाकपुडीभोवती, गुडघ्यांवर, खुरांच्या वर खपल्या धरणं, केस विरळ होणं, खूर मऊ पडणं ही लक्षणं. खरजेसारखंच दिसतं, म्हणून आधी त्वचा खरवडून खरजेची तपासणी करून घ्यावी. खरूज नसेल आणि जस्तच कमी असेल तर पुरवठा सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत त्वचा सुधारू लागते. चुनखडी गरजेपेक्षा जास्त घातली तरी जस्त शोषलं जात नाही, म्हणून वरचे २ किलो हीच मर्यादा.

तांबं कमी पडलं की काळ्या शेळीचा रंग तांबूस-विटका होतो, केस रखरखीत होतात आणि करडं मागच्या पायांनी लुळी जन्मतात. पण म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) पाजायचं नाही. तांब्याचा पुरेपणा आणि विषबाधा यांत अंतर थोडं असतं. खुरं धुवायला मोरचुदाचं पाणी ठेवत असाल तर शेळ्या ते पिणार नाहीत याची खात्री करा, किंवा त्याऐवजी १० टक्के झिंक सल्फेट वापरा. कळपात मेंढ्या असतील तर शेळ्यांचं मिक्स्चर त्यांना देऊ नये, शेळीला पचणारं तांबं मेंढीच्या यकृताला मारक ठरतं.

आयोडीनसाठी आयोडीनयुक्त मीठ पुरतं, पण झाकून ठेवलेलं. उघड्या पोत्यातल्या खडे मिठाचा उपयोग नाही. गाभण शेळीला मोहरीची खली (पेंड) किंवा कोबीचा पाला रोज घातला तर आयोडीन असूनही कामी येत नाही. मग बिनकेसांची, गळ्याला गाठ असलेली करडं जन्मतात. दूध भरपूर पिणाऱ्या एक-दोन महिन्यांच्या टवटवीत करडाच्या गळ्यावर मऊ फुगवटा आला तर घाबरू नये, ती बहुधा थायमस ग्रंथी असते, आपोआप विरते.

उन्हाळ्यात प्रश्न जीवनसत्त्व ‘अ’चा. मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत सोयाबीनचा आणि गव्हाचा भुसाच खाऊ घातला तर त्यात कॅरोटीन, ज्यापासून ‘अ’ बनतं, जवळजवळ शून्य. यकृतातला साठा काही महिने साथ देतो, नंतर संध्याकाळी शेळी खांबाला धडकते, डोळ्यांतून पाणी येतं, करडं अशक्त जन्मतात. मूत्रमार्गाचं अस्तरही जाड होऊन सुटतं आणि मुतखड्याला आयतं निमित्त मिळतं. रोज अर्धा किलो हिरवा पाला, शेवग्याचा, सुबाभळीचा किंवा बोरीचा, मिळाला तर बाटलीतल्या औषधाची गरज पडत नाही. ‘अ’ आणि ‘ई’ ही जीवनसत्त्वं गर्भात करडाला फारशी पोचत नाहीत, ती चिकातून मिळतात. दोन किलोच्या करडाला पहिल्या २४ तासांत २०० मिली चीक, त्यातला पहिला हप्ता पहिल्या तासाभरात. ‘ड’ साठी सकाळचं ऊन. सेलेनियमचं इंजेक्शन स्वतःच्या मनानं देऊ नका, त्याचा जादा डोस जीव घेतो.

शेळी धान्याच्या ढिगावर तुटून पडली आणि एक-दोन दिवसांत मान वर ओढून आभाळाकडे बघत लडखडू लागली, तर थायमिन (जीवनसत्त्व बी-१) संपलंय अशी शंका घ्या. पोटातले जंतू ते बनवतात, आम्ल वाढलं की त्यांचं काम बिघडतं. उपचार पशुवैद्याकडून: किलोमागे १० मिलिग्रॅम, पहिल्या दिवशी दर सहा तासांनी. साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये थायमिन इतकं थोडं असतं की तो डोस भरतच नाही. कॉक्सिडिओसिससाठी (करडांच्या आतड्याचा हगवणीचा रोग) अ‍ॅम्प्रोलियम जास्त दिवस चालवलं तरी हाच प्रकार होतो.

आणि लोहाचं टॉनिक? पापणी आतून पांढरी दिसली की लोक दुकानातून लाल बाटली आणतात. चरणाऱ्या मोठ्या शेळीला चारा-मातीतून लोह पुरेसं मिळतं. पापणी पांढरी पडते ती बहुतेक वेळा पोटातल्या रक्तपित्या जंतांमुळे, आणि पावसाळ्यात तर त्यांचा सुळसुळाट असतो. ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत घालून जवळच्या पशुचिकित्सालयात तपासून घ्याव्यात, इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे जाणं होत असेल तर तिथे विचारावं. अहवालाप्रमाणे जंताचं औषध वजनावर द्यायचं, अंदाजावर नाही.

पावसाळ्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. मिक्स्चरची पिशवी उघडली की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. जीवनसत्त्वं असलेलं मिक्स्चर बनल्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत संपवा, कारण तांबं-लोहाच्या सान्निध्यात ‘अ’ आणि ‘ई’ लवकर मरतात. गठ्ठे झालेली पूड फोडून चाळून घ्या, बुरशीचा वास आला तर फेकून द्या.